लिथियम सुरू होतंय? आधी मीठ, पाणी आणि घरातल्या दुखण्याच्या गोळ्या बघा

बायपोलरचं निदान झालं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिथियम लिहिलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तुम्ही मोबाइलवर शोधलंत. किडनी, थायरॉइड, विषबाधा हे शब्द दिसले आणि पाकीट उघडावं की नाही असा प्रश्न पडला. मी ही गोळी कित्येक वर्षं घेते आहे. सुरुवातीला कुणी धड समजावून सांगितलं असतं तर बरीच धावपळ वाचली असती, म्हणून हे लिहिते. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. गोळी घेतल्यावर शरीरात काय होतं आणि आपल्या हातात काय काय असतं, तेवढंच सांगते.

एक गोष्ट आधी पक्की करा: लिथियम हा एक क्षार आहे, मिठाच्या कुळातला. यकृत त्याला हात लावत नाही, शरीर ते मोडत नाही. जवळपास सगळं लिथियम जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. म्हणजे गोळी तीच, वेळ तीच, तरी रक्तातली पातळी चढते. पुढचे बहुतेक धोके याच एका कारणातून येतात.

याचा कडू धडा अमेरिकेने १९४० च्या दशकात घेतला. हृदयरोग्यांना मीठ बंद असायचं, म्हणून त्यांच्यासाठी लिथियम क्लोराइड ‘मिठाला पर्याय’ म्हणून बाजारात आलं. मीठ बंद असलेली माणसं मोजमाप न करता लिथियम शिंपडून जेवत होती. काही जण दगावले आणि १९४९ मध्ये तो पदार्थ बाजारातून काढावा लागला. योगायोग असा की त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादाच्या (बायपोलरमधलं मन अति चढण्याचं टोक) रुग्णांवर लिथियमचा गुण दिसल्याचं प्रसिद्ध केलं. आज हेच औषध इतक्या विश्वासाने देता येतं, कारण आता रक्तातली पातळी मोजता येते.

## १. पहिली गोळी घेण्याआधी

एक जाडशी फाइल घ्या. बायपोलरच्या उपचारात डॉक्टर बदलतात, शहर बदलतं, पण फाइल सोबत राहिली पाहिजे. तिच्यात हे हवं:

- क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम
- टीएसएच (थायरॉइडसाठी)
- कॅल्शियम
- वजन, उंची, रक्तदाब
- वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी
- मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी गर्भधारणेची चाचणी
- सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी. आयुर्वेदिक काढे, जिमची पावडर आणि अधूनमधून घेतली जाणारी डोकेदुखीची गोळीसुद्धा
- आधीची आजारपणं कधी आली, किती टिकली, कोणत्या औषधाने काय झालं याचं एक पान

घरात कुणाला हाच आजार असेल आणि त्याला लिथियम लागू पडलं असेल, तर ते आवर्जून सांगा. लिथियमचा गुण येणं घराण्यात चालत आलेलं दिसतं. आपल्याकडे ‘काकाला काहीतरी होतं’ इतकंच माहीत असतं. लाज बाजूला ठेवून आत्याला किंवा आजीला विचारा.

या तपासण्या आधी का? सहा महिन्यांनी टीएसएच वाढलेला आला तर तो गोळीने वाढला की आधीपासूनच तसा होता, हे सांगायला जुना आकडा लागतो. डॉक्टर घाईत लिहायला विसरले तर तुम्ही विचारा. त्यात काहीही उद्धटपणा नाही.

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची संस्था आहे. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात ही भीती बाळगू नका. केसपेपर काढायचा, दाखवायचं, औषध घेऊन घरी यायचं.

## २. पाकीट नीट वाचा

आपल्याकडे लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या मुख्यतः दोन प्रकारांत मिळतात: साधी ३०० मिलिग्रॅमची आणि हळूहळू विरघळणारी ४०० मिलिग्रॅमची. दुसऱ्या प्रकारच्या नावापुढे एसआर किंवा एक्सएल लिहिलेलं असतं. ‘ते नाहीये, हे घ्या, सेमच आहे’ असं मेडिकलवाला म्हणाला तर थांबा. दोन्हींचा डोस वेगळा आणि रक्तात उतरण्याची गतीही वेगळी. ब्रँड बदलायचाच असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. चुकलेली सोडून द्या आणि वहीत लिहून ठेवा.

लगेच गुण येईल असं समजू नका. उन्माद उतरायलासुद्धा एक-दोन आठवडे जातात, म्हणून सुरुवातीला सोबत दुसऱ्या गोळ्या असतात. बरेच जण याच टप्प्यावर ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात.

## ३. लिथियम लेव्हल: बारा तासांचं गणित

या औषधात सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी रक्त द्यायचं असतं, कारण पातळी स्थिरावायला तेवढे दिवस लागतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये हजर. सकाळचीही गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावरच घ्यायची, म्हणून डबी सोबत न्या. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलंत तर आकडा फुगलेला येईल. डॉक्टर घाबरून डोस कमी करतील आणि महिनाभरात आजार डोकं वर काढेल.

उपाशीपोटी जायची गरज नाही. लॅबवाले सवयीने सांगतात, पण लिथियमसाठी उपास लागत नाही. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तर गोष्ट वेगळी. पाणी मात्र नेहमीसारखं पिऊन जा.

आता एक बारीक सापळा. रक्त घ्यायच्या काही ट्यूबमध्ये गुठळी होऊ नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. बहुधा त्यांचं बूच हिरवं असतं. अशा ट्यूबमध्ये लिथियमची तपासणी केली तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा खोटा वाढतो. सुई टोचायच्या आधी नम्रपणे विचारा, “ही लिथियम लेव्हल आहे, साध्या ट्यूबमध्येच घेताय ना?” अनुभवी टेक्निशियनला लगेच कळतं. नवख्याला कळलं नाही तरी तो कुणाला तरी विचारून येतो. तुम्हाला काहीही त्रास नसताना आकडा भलताच मोठा आला, तर आधी वेळ आणि ट्यूब तपासायची आणि डॉक्टरांना सांगून पुन्हा रक्त द्यायचं.

रिपोर्टवर एकक मिलीमोल असो की मिलीइक्विव्हॅलंट, लिथियमच्या बाबतीत आकडा तोच राहतो. आजार परतू नये म्हणून साधारण ०.६ ते ०.८, काहींना १.० पर्यंत ठेवतात. उन्माद जोरात असेल तेव्हा ०.८ ते १.२ पर्यंत. वयस्कर माणसांना बहुधा याहून खाली. १.५ च्या वर विषबाधेचा प्रदेश सुरू होतो. उपयोगी आणि घातक यांत अंतर किती कमी आहे ते बघा. या अरुंद पट्टीमुळेच एवढा जाच.

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी लेव्हल करतात, पुढे सगळं स्थिर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. थायरॉइड, मूत्रपिंड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. लहान गावातली लॅब नमुना मोठ्या शहरात पाठवते आणि रिपोर्ट उशिरा येतो, म्हणून डॉक्टरांच्या तारखेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

## ४. मीठ, पाणी, उपास, ऊन

नियम साधा आहे: मीठ जसं खाता तसंच खात राहा, पाणी नीट प्या. अचानक काही बदलू नका.

अळणी खायचं कुणी मनावर घेतलं, व्हॉट्सअॅपवर वाचून घरात ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट आलं, तर पातळी चढू शकते. उलट एकदम खूप खारट खाऊ लागलात तर लिथियम जास्त बाहेर पडतं आणि पातळी उतरते. सैंधव चालतं, तेही सोडियम क्लोराइडच.

उपासाचं काय? साबुदाण्याची खिचडी आणि ताक घेऊन केलेल्या एकादशीला अडचण नाही. निर्जळी उपास मात्र नको. हरतालिका, नवरात्रातले कडक उपास किंवा रोजे ठेवायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. घरात सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न असतोच. ‘डॉक्टरांनी पाणी सोडायला मनाई केली आहे, मूत्रपिंडाचं औषध चालू आहे’ एवढं पुरतं. आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही.

विदर्भातला मे महिना, वारीची वाट, शेतातलं काम, लग्नाच्या मांडवात उभं राहणं, या सगळ्यात घाम जातो आणि घामाबरोबर मीठ जातं. पाण्याची बाटली सोबत ठेवाच. शिवाय मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी.

सगळ्यात धोकादायक म्हणजे उलट्या-जुलाब आणि ताप. पावसाळ्यात पोट बिघडणं आपल्याला किरकोळ वाटतं, पण लिथियमवर असताना ते किरकोळ नाही. ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, ‘गोळी थांबवू का?’ बरेचदा ते एक-दोन दिवस थांबवायला सांगतात आणि लेव्हल करायला लावतात. अशा वेळी काय करायचं हे ठणठणीत असतानाच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं तर रात्री अकराला धावाधाव होत नाही.

चहाबद्दलही बोलायला हवं. चहा-कॉफीतल्या कॅफिनमुळे लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं. दिवसाला सहा कप पिणाऱ्याने नव्या वर्षाचा संकल्प म्हणून एका दिवसात चहा सोडला तर पातळी वाढते. सोडायचा तर हळूहळू सोडा.

## ५. घरातला औषधांचा डबा

फ्रीजवर किंवा कपाटात प्रत्येकाच्या घरी एक डबा असतो. तो आज रिकामा करून बघा.

दुखण्याच्या बहुतेक गोळ्या मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतात: आयबुप्रोफेन (कॉम्बिफ्लाममध्ये हेच असतं), डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक. पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास जी मेफ्टाल घेतात, तिच्यातलं मेफेनॅमिक अॅसिडही याच जातीचं. डोकेदुखी, अंगदुखी किंवा तापासाठी साधं पॅरासिटामॉल घ्या. पाकिटावर पॅरासिटामॉलसोबत दुसरं नाव जोडलेलं नाही ना, हे मात्र वाचा.

दुसरी टोळी रक्तदाबाच्या गोळ्यांची. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या सगळ्यांनी लिथियम वाढतं. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तर चांगलंच वाढतं. नावापुढे ‘एच’ लावलेल्या टेल्मिसार्टनच्या गोळीत हे दोन्ही एकत्र असतात. या गोळ्या चालतच नाहीत असं नाही, पण त्या सुरू करताना लिथियमचा डोस आणि लेव्हल पुन्हा बघावी लागते. बीपी बघणाऱ्या डॉक्टरांना लिथियम माहीत नसतं आणि मानसोपचारतज्ज्ञांना बीपीची नवी गोळी माहीत नसते. मधला निरोप्या तुम्हीच.

दाताच्या डॉक्टरांकडे तर पहिल्या वाक्यात सांगा. दाढ काढली की केटोरोलॅक ठरलेलं. हाडांचे डॉक्टर, गल्लीतले फॅमिली डॉक्टर, ऑपरेशन असेल तर भूल देणारे डॉक्टर, सगळ्यांना सांगायचं. ‘मानसिक आजाराची गोळी’ म्हणायला जीभ अडखळत असेल तर नुसतं ‘लिथियम चालू आहे’ म्हणा. डॉक्टरला तेवढं कळतं. मी पैशांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवते: औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचा नंबर आणि खाली ठळक अक्षरांत ‘आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये’.

लघवी साफ करणारे काढे, वजन उतरवणारी चूर्णं, पोट साफ करणारे जुलाब यांपासून लांब राहा. ती ‘नैसर्गिक’ असली तरी पाणी आणि मीठ बाहेर काढतातच.

## ६. शरीर काय काय करतं

तहान आणि लघवी. लिथियम मूत्रपिंडाची पाणी राखायची ताकद कमी करतं, त्यामुळे लघवी जास्त होते आणि म्हणून तहान लागते. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं ही घातक चूक आहे. रात्री फार वेळा उठावं लागत असेल तर सगळा डोस रात्री एकदाच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि तहान भागवायला पाणीच प्या. कोल्ड्रिंक आणि साखरेच्या सरबतांवर तहान भागवणाऱ्यांचं वजन झपाट्याने वाढतं आणि दातही किडतात.

हात कापणे. बारीक, जलद थरथर. चेकवर सही करताना, पाहुण्यांना चहाचा कप देताना नेमकी जास्त जाणवते. लोक बघताहेत असं वाटलं की वाढते, जास्त चहा-कॉफीनेही वाढते. बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते. फार असेल तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात, पण दमा असेल तर ते आधी सांगा. थरथर अचानक मोठी, झटके दिल्यासारखी झाली तर सरळ सातव्या मुद्द्यावर जा.

थायरॉइड. हा मुद्दा बायकांनी दोनदा वाचावा, कारण त्यांच्यात हे जास्त दिसतं. लिथियम थायरॉइड मंद करू शकतं. मग थकवा येतो, वजन वाढतं, केस गळतात, थंडी वाजते, मन उदास राहतं, सकाळी उठवत नाही. हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं! घरचे म्हणतात आजार परत आला, डॉक्टरही कधी नैराश्याची गोळी वाढवतात, आणि मूळ दुखणं साध्या टीएसएचमध्ये सापडणारं असतं. थायरॉइड मंद झालं म्हणून लिथियम सोडावं लागतंच असं नाही. सकाळी थायरॉक्सिनची गोळी जोडली की दोन्ही चालतं.

मूत्रपिंड. ज्याला सगळे घाबरतात ते हेच. अनेक वर्षं घेतल्यावर काही जणांचा ईजीएफआर हळूहळू उतरतो. हे एका दिवसात होत नाही आणि वेळेवर तपासलं तर आधीच दिसतं. एका रिपोर्टवरून घाबरू नका, ओळीने चार रिपोर्टचे आकडे वहीत मांडा आणि उतार दिसतो का ते बघा. पातळी वारंवार चढणं मूत्रपिंडाला जास्त बाधतं. म्हणूनच वर मीठ-पाण्याचं एवढं पाल्हाळ लावलं.

कॅल्शियम. काहींचं वाढतं. बद्धकोष्ठता, मुतखडा, सुस्ती असेल तर तपासून घ्या.

त्वचा आणि केस. पुटकुळ्या येतात, सोरायसिस असेल तर भडकू शकतो. केस विरळ झाले तर आधी थायरॉइड बघा.

वजन. लिथियमने वाढतं, पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. सोबत बायपोलरच्या दुसऱ्या गोळ्या, म्हणजे ओलान्झापिन, क्वेटियापिन किंवा व्हॅल्प्रोएट असेल तर वजनात त्यांचा वाटा बहुधा मोठा असतो. पहिल्या दोन गोळ्यांवर साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावं लागतं, व्हॅल्प्रोएटवर यकृत आणि प्लेटलेट. लॅमोट्रिजिन (हीसुद्धा बायपोलरची गोळी) चालू असेल आणि अंगावर पुरळ उठलं, विशेषतः तापासह किंवा तोंडात फोड येऊन, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते पुरळ क्वचित जिवावर बेततं.

## ७. ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका

हात जाडसर थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होऊन शब्द ओढल्यासारखे येणं, सतत उलट्या किंवा जुलाब, गुंगी, गोंधळलेपण, स्नायू आपोआप उडणं, फिट. यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. जिथे डायलिसिस आहे असं रुग्णालय निवडा, कारण चढलेलं लिथियम काढायला कधी तेच लागतं. दारात पहिलं वाक्य: “लिथियम चालू आहे, लेव्हल करा.” नाहीतर बाहेरून बघणाऱ्याला माणूस दारू प्यायल्यासारखा वाटतो. हे घरच्यांना पाठ करून द्या, त्या वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही. उशीर झाला तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडू शकतं. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसात आकडा फार मोठा नसतानाही ही लक्षणं दिसतात, तेव्हा आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

मनात मरणाचे विचार येत असतील तर घरी थोड्याच गोळ्या ठेवा आणि डबी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. लिथियमच्या बाजूने एक मोठी गोष्ट अशी की आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून त्याचं नाव आहे. किडनीच्या भीतीने ते सोडायचं ठरवणाऱ्याने हेही तागडीत टाकावं.

## ८. मूल हवं असेल तर

दिवस जायच्या आधी बोला, नंतर नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत लिथियममुळे बाळाच्या हृदयातल्या दोषाचा धोका थोडा वाढतो, पण घाबरून एका रात्रीत गोळी सोडली तर आईचा आजार उसळतो आणि बाळंतपणानंतरचे आठवडे तर फारच नाजूक असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवायचं असतं. व्हॅल्प्रोएट मात्र या वयात टाळायलाच हवं, त्याचा बाळाला धोका लिथियमहून बराच जास्त. लग्नाच्या बोलणीत औषध लपवून मग सासरी गुपचूप बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचे पहिले काही महिने कसे गेले ते इथे लिहिणार नाही.

## ९. बंद करायची असेल तर

‘आता मी बरी आहे’ असं वाटायला लागतं तेव्हाच ही इच्छा होते. अचानक बंद केल्यावर उन्माद परतायचा धोका मोठा असतो. डॉक्टरही बंद करताना निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने लावून उतरवतात. डोकं मंद झाल्यासारखं वाटतं, काही सुचत नाही, ही तक्रार असेल तर तसंच सांगा. पातळी थोडी खाली आणून बरेचदा फरक पडतो. स्वतःच गोळी अर्धी करणं वेगळं, डॉक्टरांनी लेव्हल बघून कमी करणं वेगळं.

## १०. कागदपत्रं आणि पैसा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. पॉलिसी घेताना आजार लपवू नका, नंतर दावा त्याच कारणाने अडकतो. याच कायद्याने तुम्हाला आगाऊ निर्देश (पुढे आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत ते) लिहून ठेवता येतात आणि तुमच्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमता येते. उन्मादात आपलं कुणी ऐकत नाही आणि आपणही कुणाचं ऐकत नाही, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाच्या मंडळासमोर जावं लागतं आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. त्यासाठी जुने केसपेपर, दाखल झाल्याचे कागद आणि सलग उपचाराचा पुरावा मागतात, म्हणजे पुन्हा तीच फाइल. परगावी जाताना चिठ्ठीची प्रत आणि चार-पाच दिवसांच्या जादा गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.